जुन्या मृदा सर्वेक्षणाच्या तक्त्यावरून जमिनीची जलधारणा कशी काढावी

पाणलोटाचं मॉडेल चालवायचं असो, ठिबकच्या पाळ्या ठरवायच्या असोत किंवा एम.एस्सी.चा प्रबंध असो, एका टप्प्यावर सगळे एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात. या जमिनीत पाणी किती मावतं आणि त्यातलं पिकाला किती मिळतं? प्रत्यक्ष मोजायचं तर प्रेशर प्लेट (ठरावीक दाबाखाली माती किती पाणी धरून ठेवते ते मोजणारं उपकरण) असलेली प्रयोगशाळा हवी, वेळ हवा, पैसे हवेत. हातात मात्र जुना सर्वेक्षण अहवाल असतो. त्यात वाळू, पोयटा, चिकण, सेंद्रिय कर्ब, सामू आणि चुनखडी हे आकडे थरवार दिलेले असतात. जलधारणा, घनता आणि पाणी झिरपण्याचा वेग हे रकाने बहुतेक वेळा रिकामे.

जे मोजलेलं आहे त्यावरून न मोजलेलं काढण्याची सूत्रं आहेत. त्यांना पेडोट्रान्सफर फंक्शन म्हणतात. हे नाव डच मृदाशास्त्रज्ञ योहान बाउमा यांनी १९८९ मध्ये रूढ केलं, पण कल्पना जुनी आहे. ब्रिग्ज आणि शांट्झ या अमेरिकी संशोधकांनी १९१२ मध्येच जमिनीच्या पोतावरून पीक कोमेजण्याचा ओलावा काढायचा प्रयत्न केला होता. आज सूत्रं ढिगाने आहेत आणि संगणकावर ती क्षणात चालतात. म्हणूनच नवख्या माणसाला वाटतं की खरं काम सूत्र शोधण्याचं आहे. तसं नाही. बहुतेक चुका सूत्राच्या आधीच, तक्ता वाचताना होतात. त्यामुळे या लेखातला मोठा भाग त्यावरच आहे.

पहिली पायरी: तक्ता कुठला आहे ते बघा

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर सगळ्यात भरवशाचा स्रोत म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने राज्यांचे १:२,५०,००० प्रमाणावरचे मृदा नकाशे केले आहेत आणि अलीकडे काही भागांत १:१०,००० इतक्या बारकाईचं कामही केलं आहे. नकाशापेक्षा आपल्याला हवी असते ती अहवालातली खड्ड्यांची नोंद, म्हणजे प्रोफाइलची थरवार पत्रकं. नकाशावरचा रंग फक्त सांगतो की या पट्ट्यात अमुक प्रकारची जमीन जास्त आहे. तुमच्या गटात तीच जमीन आहे याची हमी तो देत नाही.

मृदा आरोग्य पत्रिका अनेकजण मोठ्या आशेने घेऊन येतात. २०१५ पासून मिळणाऱ्या या पत्रिकेत बारा घटक असतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि बाकी सगळी अन्नद्रव्यं. वाळू-पोयटा-चिकण त्यात नाही. तेव्हा तिचा उपयोग कर्बापुरताच, आणि तोही वरच्या थराचा.

काहीच हाती नसेल तर सॉइलग्रिड्स हा जागतिक डेटा फुकट मिळतो. २५० मीटरच्या चौकटी आणि दोन मीटरपर्यंत सहा थर. पण तो स्वतःच एक अंदाज आहे, म्हणजे आपण अंदाजावर अंदाज रचतो. शिवाय त्याची एककं सांभाळा. चिकण ग्रॅम प्रति किलोत असते, म्हणून टक्क्यांसाठी १० ने भागायचं. सेंद्रिय कर्ब डेसिग्रॅम प्रति किलोत असतो, त्याला १०० ने भागायचं. ८५ हा आकडा दिसला तर तो ०.८५ टक्के. ही भागणी विसरली तर कोरडवाहू शेत दलदल होऊन बसतं.

अहवालात आकडे नसून फक्त पोताचा वर्ग दिला असेल, उदाहरणार्थ 'चिकण पोयटा', तर त्या वर्गाच्या मधला बिंदू धरून काम चालवता येतं. पण 'चिकण' एवढंच लिहिलं असेल तर जपून. अमेरिकी वर्गीकरणात चिकण ४० टक्क्यांच्या पुढे गेली की बहुतेक जमिनी याच वर्गात येतात. आपल्याकडची ४२ टक्क्यांची मध्यम काळी आणि ६५ टक्क्यांची भारी काळी यांना तिथे एकच नाव मिळतं.

दुसरी पायरी: वाळूची सीमा कोणती धरली आहे?

हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, पण विचारलाच पाहिजे. चिकण म्हणजे ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक कण, यावर सगळ्यांचं एकमत आहे. पोयटा कुठे संपतो आणि वाळू कुठे सुरू होते, यावर नाही. अमेरिकी पद्धतीत ही सीमा ०.०५ मिलिमीटर आहे आणि आंतरराष्ट्रीय पद्धतीत ०.०२. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या अहवालांत आंतरराष्ट्रीय पद्धत वापरलेली असते, आणि प्रचलित सूत्रं बहुतेक अमेरिकी सीमेवर बेतलेली आहेत.

ओळखायची खूण सोपी आहे. तक्त्यात 'बारीक वाळू' आणि 'जाड वाळू' असे दोनच रकाने असतील आणि बारीक वाळू ०.२ ते ०.०२ अशी लिहिली असेल, तर ती आंतरराष्ट्रीय पद्धत. मग बारीक वाळूचा काही भाग पोयट्यात हलवावा लागतो. किती? कणांचं वाटप लॉगरिदमच्या मापावर सरळ रेषेत आहे असं धरलं, तर ०.०२ ते ०.२ या टप्प्यातला ०.०५ पर्यंतचा भाग सुमारे ४० टक्के येतो. म्हणजे बारीक वाळूचे ४० टक्के पोयट्यात टाका. हा ढोबळ नियम आहे, पण काही न करण्यापेक्षा पुष्कळ बरा.

फरक किती पडतो ते एका हलक्या जमिनीवर बघू. समजा चिकण १८, पोयटा १७, बारीक वाळू ४५, जाड वाळू २० टक्के आणि सेंद्रिय कर्ब ०.४. तसंच उचललं तर वाळू ६५ टक्के होते. दुरुस्ती केली तर बारीक वाळूतले १८ पोयट्यात जातात आणि वाळू उरते ४७. खाली दिलेल्या सूत्रात घातल्यावर पहिल्या वाचनात उपलब्ध ओलावा, म्हणजे पिकाला मिळू शकणारं पाणी, आकारमानाच्या ८.६ टक्के येतो, दुसऱ्यात १२.१ टक्के. ३० सेंटीमीटरच्या थरात २६ मिलिमीटर की ३६ मिलिमीटर, एवढा हा फरक. पावसाने आठ-दहा दिवस ताण दिला की त्या दहा मिलिमीटरवर पीक तगतं किंवा जातं.

गंमत म्हणजे भारी काळ्या जमिनीत ही चूक जवळजवळ दिसतच नाही. चिकण ५५ टक्क्यांच्या आसपास असली की याच सूत्रात फील्ड कपॅसिटीच्या (जास्तीचं पाणी निचरून गेल्यावर जमिनीत उरणारा ओलावा) समीकरणातली वाळूची वजाबाकी आणि वाळू-चिकण गुणाकाराची बेरीज एकमेकींना खाऊन टाकतात. त्यामुळे विदर्भातल्या काळ्या जमिनींवर काम करून सरावलेला माणूस हलक्या, मुरमाड जमिनीकडे वळला की फसण्याचा धोका जास्त.

तिसरी पायरी: कर्ब आणि ओलावा यांची एककं

सूत्रांना बहुधा सेंद्रिय पदार्थ हवा असतो आणि अहवालात सेंद्रिय कर्ब असतो. कर्बाला १.७२४ ने गुणलं की पदार्थ मिळतो. वॉकली-ब्लॅक पद्धतीत सगळा कर्ब पकडला जात नाही, म्हणून साधारण १.३ चा गुणक लावण्याची पद्धत आहे. तो अहवालात आधीच लावला आहे का ते पद्धतीच्या परिच्छेदात बघा, नाहीतर दोनदा लागेल. आणखी एक अडचण चुनखडीची. चुनखडीच्या वजनात १२ टक्के कार्बन असतो. नमुना भट्टीत जाळून 'एकूण कार्बन' मोजला असेल आणि जमिनीत १० टक्के चुनखडी असेल, तर १.२ टक्के कार्बन निव्वळ चुन्याचा आहे. तो वजा न करता सेंद्रिय म्हणून धरला, तर कोरडवाहू जमीन कागदावर अचानक सुपीक होते.

आता ओलावा. काही खड्ड्यांसाठी अहवालात ३३ आणि १५०० किलोपास्कल दाबावरचा मोजलेला ओलावा दिलेला असतो. पहिला साधारण फील्ड कपॅसिटी म्हणून धरतात, वाफशाच्या आसपासची स्थिती. दुसरा विल्टिंग पॉइंट, जिथून पीक कोमेजून परत उभं राहत नाही. दोन्हींतला फरक म्हणजे उपलब्ध ओलावा. हे आकडे असतील तर सूत्राकडे जाऊच नका, मोजलेलं केव्हाही वर. पण ते जवळजवळ नेहमी वजनाच्या टक्क्यांत असतात. पाण्याची खोली काढायला आकारमानाचे टक्के लागतात, त्यासाठी स्थूल घनतेने, म्हणजे पोकळ्यांसकट एक घन सेंटीमीटर जमिनीतल्या सुक्या मातीच्या ग्रॅममधल्या वजनाने, गुणावं लागतं.

एक उदाहरण. काळ्या जमिनीचा ० ते २० सेंटीमीटरचा थर, ओलावा ३६ आणि २३ टक्के, ओल्या स्थितीतली घनता १.३०. फरक १३ टक्के, गुणिले १.३० म्हणजे १६.९, आणि २० सेंटीमीटरला ३४ मिलिमीटर. गुणाकार विसरलात तर २६ मिलिमीटर.

काळ्या जमिनीत मात्र 'कुठली घनता' हा प्रश्न येतोच, कारण ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. त्याच ढेकळाची घनता ओलं असताना १.३० आणि भट्टीत वाळवल्यावर १.७५ असू शकते. चुकून १.७५ धरली तर ३६ टक्के ओलावा आकारमानाच्या ६३ टक्के होतो. आता सच्छिद्रता, म्हणजे पोकळीचं प्रमाण, काढा: १ वजा (१.७५ भागिले २.६५), म्हणजे ३४ टक्के. २.६५ ही मातीच्या घन कणांची घनता. ३४ टक्के पोकळीत ६३ टक्के पाणी बसू शकत नाही. १.३० धरली तर सच्छिद्रता ५१ टक्के आणि पाणी ४७, हे जमतं. प्रत्येक थराला ही तपासणी लावाच. दोन ओळींचं काम आहे आणि अर्ध्याअधिक घोटाळे इथेच पकडले जातात. या दोन घनतांच्या भागाकाराचं घनमूळ काढून त्यातून १ वजा केलं की आकसण्याचा गुणांक मिळतो, तोही लिहून ठेवा. इथे तो ०.१० येतो, म्हणजे ही जमीन खोल भेगा पाडणारी.

चौथी पायरी: सूत्र चालवा

सुरुवातीला सॅक्स्टन आणि रॉल्स यांची २००६ ची समीकरणं घ्यावीत असं माझं मत आहे. अमेरिकी कृषी खात्यातल्या या दोघांनी फक्त वाळू, चिकण आणि सेंद्रिय पदार्थ यांवर ती बसवली आहेत. साध्या एक्सेलमध्ये चालतात आणि कुठला आकडा कुठून आला ते डोळ्यांनी बघता येतं. शिकताना ते फार मोलाचं.

'वा' म्हणजे वाळू आणि 'चि' म्हणजे चिकण, दोन्ही दशांशात (५५ टक्के म्हणजे ०.५५). 'से' म्हणजे सेंद्रिय पदार्थ, तो मात्र टक्क्यांतच.

विल्टिंग पॉइंटसाठी आधी कच्चा आकडा:
कच्चा = −०.०२४×वा + ०.४८७×चि + ०.००६×से + ०.००५×वा×से − ०.०१३×चि×से + ०.०६८×वा×चि + ०.०३१
पक्का = कच्चा + (०.१४×कच्चा − ०.०२)

फील्ड कपॅसिटीसाठी:
कच्चा = −०.२५१×वा + ०.१९५×चि + ०.०११×से + ०.००६×वा×से − ०.०२७×चि×से + ०.४५२×वा×चि + ०.२९९
पक्का = कच्चा + (१.२८३×कच्चा×कच्चा − ०.३७४×कच्चा − ०.०१५)

एक थर हाताने सोडवून बघा. वाळू १०, चिकण ५५, सेंद्रिय कर्ब ०.६, म्हणजे पदार्थ १.०३. विल्टिंग पॉइंटचा कच्चा आकडा ०.३००, पक्का ०.३२१. फील्ड कपॅसिटीचा कच्चा ०.४०३, पक्का ०.४४५. फरक ०.१२४, म्हणजे एक मीटर जमिनीत १२४ मिलिमीटर. तुमच्या एक्सेलमध्ये हेच आकडे आले तर सूत्र बरोबर टंकलं आहे असं समजा आणि मगच शेकडो ओळींवर ओढा. इथे येणारे टक्के आकारमानाचेच आहेत, त्यांना पुन्हा घनतेने गुणायचं नाही.

घनता किंवा मोजलेला ओलावा हाताशी असेल आणि मॉडेलला पूर्ण जलधारण वक्र (दाब वाढत जाताना जमिनीत किती पाणी उरतं तो आलेख) हवा असेल, तर रोझेटा वापरा. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेतून २००१ मध्ये आलेलं हे साधन अशा वक्रासाठी प्रचलित असलेल्या व्हॅन गेनुख्टनच्या समीकरणाचे गुणांक देतं. जेवढी माहिती द्याल तेवढी पुढची पायरी ते वापरतं. आधी पोताचा फक्त वर्ग, मग तीन टक्केवाऱ्या, मग घनता, मग ३३ किलोपास्कल, मग १५०० किलोपास्कल. तुमच्याकडे विल्टिंग पॉइंट मोजलेला असेल तर तो दिल्याशिवाय ते चालवू नका.

पाचवी पायरी: थरांची बेरीज

प्रत्येक थराचा उपलब्ध ओलावा गुणिले थराची जाडी, आणि मग बेरीज. सोपं वाटतं, पण दख्खनच्या पठारावर खाली मुरूम असतो आणि अहवालात त्याचं प्रमाण बहुधा वजनात असतं. वजनाने ४० टक्के खडे म्हणजे आकारमानाने ४० टक्के नव्हेत. खड्यांची घनता २.६५ आणि बारीक मातीची १.३५ धरली तर आकारमान सुमारे २५ टक्के येतं. म्हणून त्या थराच्या ओलाव्याला ०.६० ने नव्हे, ०.७५ ने गुणायचं. आपला मुरूम कुजलेल्या बेसाल्टचा असतो, स्वतःही थोडं पाणी धरतो. त्यामुळे ही कपातसुद्धा किंचित जास्तच होते, पण सुरक्षित बाजूला राहिलेलं बरं.

बेरीज मुळांच्या खोलीपर्यंतच करा. सोयाबीनसाठी दीड मीटरचा आकडा देणं म्हणजे शेतकऱ्याला नसलेलं पाणी दाखवणं.

इथे सूत्राला थांबवा

सूत्र ज्या जमिनींवर बसवलं त्या जमिनींपलीकडे त्याला काही माहीत नसतं. सॅक्स्टन-रॉल्स यांनी चिकण ६० टक्क्यांहून जास्त असलेले नमुने आणि सेंद्रिय पदार्थ ८ टक्क्यांहून जास्त असलेले नमुने वगळले होते. विदर्भ-मराठवाड्यातल्या भारी काळ्या जमिनींचे खालचे थर ही सीमा सहज ओलांडतात. सूत्र तिथेही निमूटपणे उत्तर देतं, त्यात कुठेही लाल खूण उमटत नाही. तो रकाना तुम्हीच वेगळा रंगवून ठेवा.

कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीची गोष्ट उलटी आहे. तिथे चिकण भरपूर असते, पण ती केओलिनाइट या न फुगणाऱ्या खनिजाची असते आणि लोहाच्या ऑक्साइडांनी घट्ट गोळे करून बांधलेली. त्यामुळे पाणी झिरपण्याच्या बाबतीत ती वाळूसारखी वागते. काळ्या जमिनीतल्या फुगणाऱ्या स्मेक्टाइट खनिजाची ५० टक्के चिकण आणि जांभ्यातली ५० टक्के चिकण यांच्यात नावापलीकडे फारसं साम्य नाही. समशीतोष्ण प्रदेशातली सूत्रं इथे लावू नका. हॉडनेट आणि टोमासेला यांनी २००२ मध्ये उष्ण कटिबंधातल्या जमिनींवर बसवलेली समीकरणं त्यापेक्षा जवळची आहेत.

तिसरी अडचण चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या, जमिनींची. पूर्णा खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलडाणा पट्ट्यात, विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या प्रचलित मर्यादेखाली असतानाच पाणी झिरपणं मंदावतं. पोतावर आधारित सूत्राला सोडियम दिसतच नाही. त्यामुळे झिरपण्याच्या वेगाचा जो आकडा ते देईल तो या भागात वापरू नये असंच मी सांगेन. एरवीही झिरपण्याचा वेग हा सगळ्यात कच्चा अंदाज असतो. दहापट इकडे-तिकडे होणं नवल नाही, आणि उन्हाळ्याअखेर भेगा उघड्या असताना पहिला पाऊस कसा आत जातो हे कुठलाच पोत सांगत नाही.

सहावी पायरी: पडताळा

त्याच अहवालात ज्या खड्ड्यांचा ओलावा मोजलेला आहे ते बाजूला काढा. त्यांच्यावर सूत्र चालवून अंदाज वजा मोजलेलं असा फरक लिहा. फरकांची सरासरी घेतली की कल कळतो, सूत्र सतत कमी सांगतं की जास्त. फरकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ घेतलं की एकूण चूक कळते. आकारमानाच्या चार-पाच टक्के अंकांची चूक अशा सूत्रांत नेहमीची आहे. पण उपलब्ध ओलावाच मुळात बारा टक्के असेल तर ती एक तृतीयांश ठरते, हे अहवाल वाचणाऱ्याला स्पष्ट सांगा. कल एकाच दिशेचा असेल तर तेवढी दुरुस्ती करा. ती भारी, मध्यम आणि हलक्या जमिनींसाठी वेगवेगळी काढा. दुरुस्ती ज्या खड्ड्यांवरून काढली त्यांच्यावरच तपासू नका, दोन-चार खड्डे त्यासाठी राखून ठेवा.

जमलं तर शेतावरही एकदा बघावं. चांगला पाऊस किंवा भरपूर पाणी झाल्यावर दोन बाय दोन मीटरचा तुकडा प्लॅस्टिकने झाका. हलक्या जमिनीत दोन दिवसांनी, भारीत चार-पाच दिवसांनी नमुने घ्या. पाच सेंटीमीटर व्यासाची आणि तेवढ्याच उंचीची पोलादी कडी असेल तर तिचं आकारमान ९८ घन सेंटीमीटर. माती ओली असताना तोला, १०५ अंशांवर २४ तास वाळवून परत तोला. सुकं वजन भागिले ९८ ही घनता, वजनातली घट भागिले ९८ हा आकारमानातला ओलावा. कडी ठोकताना माती दबली तर तो नमुना टाकून द्या.

शेवटच्या तक्त्यात प्रत्येक आकड्यासमोर तीन रकाने ठेवा: आकडा मोजलेला की काढलेला, कुठल्या सूत्राने, आणि तो थर सूत्राच्या मर्यादेत बसतो की नाही. चार वर्षांनी तोच तक्ता दुसऱ्या कुणाच्या हाती पडेल, आणि त्याला त्यातलं काय मोजलेलं मानायचं ते तुम्हाला विचारता येणार नाही.